दांडा धरूनच छर्रा भरावा

३ मार्च

प्रिय धाकट्या,

अकरा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहितोय ते बंदुकीबद्दल, हे पाहून तू कपाळाला हात लावशील. लाव. पण पत्र खाली ठेवू नकोस. मी काहीही मागायला लिहीत नाही.

ताईने तुझ्या बिट्टीचा फोटो पाठवला. शाळेच्या नेमबाजीच्या संघात निवड झाली म्हणून आत्याबाई हवेत आहेत, आणि ताई हवेत गेली की सगळ्या नातेवाइकांना फोटो जातो, अगदी मलासुद्धा. मी पोरीला शेवटची पाहिली तेव्हा ती चार वर्षांची होती आणि माझ्या चष्म्याची काडी मोडून हसत होती. आता पंधरा. नाक बाबांवर गेलंय, त्याला आपण काय करणार. उभं राहण्याची ढब मात्र तुझी, डावा खांदा जरासा खाली.

तिच्या हातात दांड्याची आहे. भिंतीवरून तू ती कधी उतरवलीस?

हे पत्र तू बिट्टीला वाचून दाखवावंस अशी इच्छा आहे, म्हणून तिला कळेल असं लिहितो. आपल्या घरात छर्‍याच्या दोन जुन्या बंदुका, बाबांनी तरुणपणी घेतलेल्या. एक मोडती. तिची नळी कमरेत वाकवायची, छर्रा भरायचा, नळी सरळ करायची, झालं. दुसरी दांड्याची. हिची नळी जागची हलत नाही. खालचा लोखंडी दांडा ओढला की आतली स्प्रिंग दबून खटक्यात अडकते, वर एक खिडकी उघडते, त्या खिडकीतून अंगठ्याने छर्रा नळीच्या तोंडात सारायचा, आणि मग दांडा वर लावायचा. दोन्हींत दारू नाही, धूर नाही. स्प्रिंग, दट्ट्या आणि हवा.

तुला आठवत असेल, दरवर्षी आपण बंदुका दुरुस्तीचं दुकान साफ करायला बंद ठेवायचो, आणि सफाई बाजूला राहायची. तू कडा घासून गोल केलेल्या त्या लांब बाकावर बाबा हिरवं कापड अंथरायचे, दोघी शेजारी शेजारी, आणि नेमबाजीच्या क्लबातले सगळे येऊन भांडायचे. ड्रॉइंगचे मास्तर न्यायाधीश. रूप, चाप, नेम, तीन गुण. तू मोडतीचा वकील. म्हणायचास, हिच्यात एक रेघ जास्त नाही, पोटाखाली काही लोंबत नाही, हातात घेतली की खांद्याला आपोआप येते. मी दांड्याचीचा. म्हणायचो, जी बाई प्रत्येक नेमाआधी कमरेत मोडते तिचा नेम किती दिवस सरळ राहणार. मास्तर म्हणायचे, तुम्ही दोघं बंदुकांबद्दल बोलताय की सुनांबद्दल, ते आधी ठरवा.

तर धाकट्या, कान इकडे कर. मी हरलो. चाळीस वर्षं वाद घातला, आज लेखी कबूल करतो की मोडतीच चांगली. निदान पंधरा वर्षांच्या मुलीसाठी. दांड्याची जड, सगळं वजन पुढे, दहा नेमांत डावा हात थरथरायला लागतो. मोडतीचा तोल मधोमध. मोडतीचा चाप तुला माहीतच आहे. आणि फोटोत मोडती छान दिसते. मुलींना फोटोचं असतं.

तर मी मोडती पार्सलने पाठवतोय. स्प्रिंग नवी घातलीय, नळीचा सांधा घट्ट केलाय. तू तेवढी दांड्याची माझ्याकडे धाड. तिची स्प्रिंग आता मऊ पडली असणार, मी बघतो. स्वतःच आलो असतो, पण शिकंजा न लावता छातीने स्प्रिंग दाबायची बाबांची सवय मला नडली. हर्निया झाला, परवा ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाई सहा आठवडे दवाखान्यातल्या पलंगावरून हलू देत नाहीत, म्हणून पार्सलावर इथलाच पत्ता घातलाय.

काही मागायचं नाही म्हणालो होतो आणि मागितलं. ते सोडून दे. पण दांड्याची लगेच पाठव.

तुझा दादा


९ मार्च

प्रिय धाकट्या,

उत्तर नाही. मला अपेक्षाही नव्हती, पण पोस्टमन येण्याच्या वेळेला मी उशीला टेकून बसतो हे खरं.

काल ताईशी बोललो. तिला म्हटलं, त्याला फोन कर आणि सांग की दांड्याचीची स्प्रिंग मऊ झालीय, वापरू नका. माझा फोन तू उचलत नाहीस, तिचा उचलतोस. तिने केला, आणि तुझं उत्तर तुझ्याच आवाजात म्हणून दाखवलं. नकला करण्यात ती लहानपणापासून पटाईत. "स्प्रिंग उत्तम आहे म्हणावं. बिट्टी रोज चाळीस छर्रे मारते, पाच-पाच एका भोकातून जातात. त्याला बंदूक परत हवीय, एवढंच सरळ सांग."

रोज चाळीस. मी पलंगावर पडून हाच आकडा धरून बसलोय.

बंदूक मला परत नकोय रे. स्प्रिंगचं जाऊ दे, वाशरचं बघ. एवढी वर्षं भिंतीवर टांगलेली, आतलं कातडी वाशर वाळून कडक झालं असणार. अशा वाशरवर चाळीस-चाळीस मारले की दट्ट्या ठोकर खातो, आतून चीर जाते. हे कारण खरं आहे. कुठल्याही कारागिराला विचार.

आणि आता विषय निघालाच आहे तर त्या रविवारचंही लिहितो, म्हणजे तुझ्या मनात किंतु राहायला नको. एकोणीस वर्षं झाली. सगळा क्लब जमला होता. मी तुझ्या हातात दांड्याची दिली. तू दांडा ओढलास, छर्रा खिडकीत ठेवला, आणि खटका पुरता अडकायच्या आत तुझ्या हातून दांडा सुटला. सवय मोडतीची, मोडतीत धरायला दांडा नसतोच. खिडकी मिटली आणि उजव्या अंगठ्याचं वरचं पेर गेलं. तू खाली कोसळलास, बाकाची कड लागून डाव्या तळव्यालाही जखम झाली. दोन्ही हातांना पट्ट्या मीच बांधल्या. कुणाचीच चूक नव्हती. अपघात म्हणजे अपघात.

चूक माझी झाली ती नंतर. मी ती गोष्ट सांगत सुटलो. दुकानात फळी लावली, पांढर्‍या रंगात: दांडा धरूनच छर्रा भरावा. आणि फळी वाचून कुणी विचारलं की मी तुझं सांगायचो. नव्या पोराबाळांना अंगठा दुमडून दाखवायचो. तुला "हातसोड्या" म्हणायला क्लबात सुरुवात केली ती दुसर्‍या कुणी, पण मी थांबवलं नाही, आणि पुढे मीही म्हणायला लागलो. बाबा गेल्यावर तू दुकानात आलास तेव्हा मी पाठमोरा उभा राहून दोन नव्या मेंबरांना तेच रंगवून सांगत होतो आणि ते हसत होते. तू दाराशी किती वेळ उभा होतास मला अजून माहीत नाही. तू एवढंच म्हणालास, "दांड्याचीचा लाकडी दस्ता माझ्या हातचा आहे. मला ती दे." कपाट उघडून मी दिली, आणि तू निघून गेलास.

त्या हसण्याबद्दल मी माफी मागतो. मनापासून. आता वाशर बदलेपर्यंत तिला बंदूक देऊ नकोस.

दादा


१४ मार्च

धाकट्या,

मोडती परत आली. पार्सल जसंच्या तसं, सुतळीची गाठसुद्धा माझीच, वर तुझ्या अक्षरात "घेणार नाही". नर्सबाईंनी विचारलं, एवढं लांब काय आहे, काठी का? मी हो म्हणालो.

ताईला परत फोन करायला लावला. या खेपेला वाशर. ती वैतागली. म्हणाली, "अरे, तुमच्या त्या बंदुका जळोत एकदाच्या. तो म्हणतो पाच एप्रिलला शाळेची स्पर्धा आहे, पोरीचा हात त्याच बंदुकीवर बसलाय, तिला आता दुसरी दिली तर नेम बिघडेल. आणि दादा, तुला एवढा उमाळा अकरा वर्षांनी कसा आला?"

मी म्हटलं, म्हातारपण. तिला पटलं नाही. ती आपल्या दोघांपेक्षा नेहमीच हुशार होती, तिला बंदुकांतलं काही कळत नाही हे आपलं नशीब.

आता मी रूपावर बोलणार नाही, तोलावर बोलणार नाही. तो फोटो माझ्या उशीखाली आहे. दिवसातून दहा वेळा काढतो. बिट्टीचा डावा हात दांड्यावर, उजवा अंगठा खिडकीत, आणि मागे अर्धा तू, अभिमानाने बघतोयस. पोरीचा अंगठा लांबसडक आहे. तिला चित्रं काढायचा नाद आहे असं ताई म्हणाली.

ऐक. दांड्याचीचा खटका जरा हलका आहे. मुळातूनच तसा, त्या बनावटीच्या काही बंदुकांत असतो. म्हणजे स्प्रिंग दबल्यावर जिथे अडकून राहते तिथली पकड जरा कमी. तुला मी हे कधी बोललो नाही, तशी वेळच आली नाही. तेवढ्यासाठी तरी ती बाजूला ठेव.

यातलं एक वाक्य खोटं आहे. कुठलं ते पुढच्या पत्रात लिहितो, आज हाताला बळ नाही.

दादा


१९ मार्च

धाकट्या,

मुळातूनच तसा, हे खोटं आहे. खटका मी घासला.

सगळं क्रमाने लिहितो, मध्ये थांबलो तर परत लिहिणं व्हायचं नाही. त्या वर्षी बाबांनी तुला दांड्याचीला नवा दस्ता करायला सांगितला. तू अक्रोडाचा ठोकळा घेऊन दोन महिने बसलास, मनगटाजवळ ती बारीक चौकटीची जाळी कोरलीस, आणि ज्या बंदुकीच्या विरुद्ध तू जन्मभर बोललास तिला तूच नवरीसारखी सजवलीस. वर्षाचा वाद झाला. मास्तरांनी निकाल दिला: रूप दांड्याचीचं, नेम दोघींचा सारखा, चाप मोडतीचा. वर म्हणाले, दांड्याचीचा चाप म्हणजे गंजलेलं फाटक ओढतोय असं वाटतं. सगळे हसले. तू पण हसलास.

बाकीच्यांचं मला काही वाटलं नाही. पण तुझं हसणं मला झोंबलं. दांड्याचीचं जे जिंकलं ते तुझं, दस्ता. जे हरलं ते माझं, कारण आतलं सगळं काम माझं होतं. बाबा मास्तरांना दस्त्यावरून हात फिरवून दाखवत होते आणि चापाबद्दल कुणी माझ्याकडे पाहूनही काही म्हणेना. मी मास्तरांना म्हटलं, रविवारी परत या, चाप बघा.

बुधवारी दुपारी बाबा जेवायला घरी गेले, तू लाकूड आणायला गेला होतास. मी ती उघडली. खटक्याची खाच दगडावर घासली, खाच जितकी उथळ तितका चाप हलका. दहा वेळा घासायची आणि लावून बघायची, ही पद्धत. मी दहा घासल्या, बघितलं, छान झालं होतं. तिथे थांबायला हवं होतं. मला मोडतीपेक्षा छान हवं होतं. परत दहा, परत दहा. शेवटी चाप असा झाला की बोट टेकवताच सुटावा. खाच जेमतेम दोन केसांच्या जाडीची उरली.

आता पुढचं ऐक, कारण हे फक्त तुला आणि मलाच कळेल. खटका घासला की बंदूक रिकामी ताणायची आणि दस्ता फरशीवर तीनदा जोरात आपटायचा, सुटत असेल तर तिथेच सुटू दे. बाबांनी आपल्याला चालायच्या आधी हे शिकवलं असेल. मी आपटला, एकदाच, आणि खाली गादी ठेवून. तुझा दस्ता आठ दिवसांचा होता. त्याचा कोपरा उडेल म्हणून माझा हात धजेना. हसतोस काय, खरं सांगतोय. तुझ्या कामावर चरा पडू नये म्हणून मी गादी ठेवली.

रविवारी मी ती तुझ्याच हातात दिली. मास्तरांच्या नाही, बाबांच्या नाही. म्हटलं, ओढून बघ आता चाप. मला तुझं तोंड बघायचं होतं.

किंचाळणं ऐकलं आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "दांडा सोडलास ना?" विचार करून नाही निघालं. पण निघाल्यावर सगळ्यांनी ते धरलं, बाबांनीही, आणि दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तूही. तू म्हणालास, "सोडला असेन." मी तुझ्या उशाशी होतो.

दुसर्‍या दिवशी बाबांनी मला सांगितलं, उघडून खटका बघ. मी एकट्याने उघडला आणि सांगितलं, शाबूत आहे. नवा मागवायचा तर कारखान्याला बाबांच्या सहीचं पत्र लागायचं. म्हणून तसाच परत बसवून बंदूक कपाटात टाकली. बाबा मरेपर्यंत मानत राहिले की धाकटा वेंधळा आणि थोरला जपून वागणारा. दुकान मला दिलं. अर्ध्या अंगठ्याने कोरणी धरता येत नाही म्हणून तू फर्निचरला पॉलिश मारायला परगावी गेलास. आणि तू दांड्याची मागितलीस तेव्हा मी माझ्या मनाला सांगितलं, हा दस्त्यासाठी मागतोय, भिंतीवर लावील, कोण ताणणार आहे तिला. अकरा वर्षं मी या एका वाक्यावर झोपलो.

आता ती रोज चाळीस वेळा ताणली जातेय. दर वेळी त्या दोन केसांतलं थोडं झिजतंय.

तिला हात लावू देऊ नकोस. मला काय म्हणायचं ते नंतर म्हण, दारात उभं करून म्हण, पण आज बंदूक उचलून ठेव.

दादा


२५ मार्च

धाकट्या,

आज सगळी पत्रं परत आली. चारही. रबर लावून एकत्र, एकही फोडलेलं नाही, प्रत्येकावर "घेणार नाही". म्हणजे माफी तू वाचली नाहीस, वाशर वाचलं नाहीस, आणि १९ तारखेचं तर नाहीच. मी चार दिवस असं धरून चाललो होतो की तुला कळलंय आणि तू रागाने गप्प आहेस. त्या रागात मला सुख वाटत होतं. राग असेल तर बंदूक उचलून ठेवली असेल.

लगेच ताईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. घासणं, गादी, सगळं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबांना ठाऊक होतं?" नाही म्हटलं. "बरं झालं," म्हणाली, आणि तुला फोन करायला गेली.

अर्ध्या तासाने तिचा आला. रडत होती. मी तिला रडताना बाबांच्या वेळी ऐकलं, त्यानंतर आज. तू तिला पुरतं बोलूच दिलं नाहीस. म्हणालास, "आधी स्प्रिंग मऊ, मग वाशर वाळलं, आता खटका घासलेला. उद्या म्हणेल नळी वाकडी. ताई, त्याला वाद जिंकायचाय. मी बिट्टीला पहिल्या दिवसापासून दांडा धरायला शिकवलंय. धरला की काही होत नाही. माझ्यासारखी चूक ती करणार नाही." आणि परत दादाचं नाव काढलंस तर तुझाही फोन घेणार नाही, असं म्हणून ठेवलास. बिट्टीशी बोलू दे म्हणायची सोय नाही, घरात फोन एक, तो तुझ्या खिशात. शाळा कुठली ते ताईला ठाऊक नाही, तिने कधी विचारलंच नाही. गुडघ्यांमुळे ती जिना उतरू शकत नाही, तुझ्याकडे यायचं तर दोन दिवसांचा प्रवास.

बरोबर बोललास. खोटी कारणं मीच एकामागून एक पाठवली. खरं सांगायची वेळ आली तेव्हा त्याचा भाव मीच उतरवून ठेवला होता.

फोन ठेवला आणि मी कपडे घालून निघालो. रिक्षा करून बसस्थानकापर्यंत गेलो. खिडकीवर तिकीट मागितलं, पिशवी उचलायला वाकलो, आणि पोटात काहीतरी उसवल्यासारखं झालं. सदर्‍यावर लाल. त्याच रिक्षावाल्याने परत आणलं. टाके पुन्हा घातले. डॉक्टरीणबाई ओरडल्या, माझे बूट कपाटात ठेवून किल्ली नर्सबाईंकडे दिली. हे पत्र मी नर्सबाईंच्या पेनाने लिहितोय.

पण मी हे कशाला लिहितोय. हेही परत येणार. फोडलंस तर खरं, पण तू फोडणार नाहीस, आणि मी तुला दोष देत नाही. ज्याच्या तोंडातून तू एकोणीस वर्षं एकच गोष्ट ऐकलीस त्याची पाकिटं तू का फोडावीस.

तुझं ते वाक्य डोक्यातून जात नाही. धरला की काही होत नाही. माझ्यासारखी चूक. धाकट्या, एक गोष्ट मी १९ तारखेच्या पत्रातही लिहिली नव्हती. सगळं कबूल केलं असं वाटत होतं, आणि तरी तेवढी ठेवून घेतली. खटका घासला हे कबूल करूनही मला वाटत राहिलं की निम्मी चूक तुझी असू दे. निम्म्यावर माणूस जगतो.

ती पाकिटात घालून उपयोग नाही. पाकीट तू परत करतोस. उघडं कार्ड परत करायचं म्हटलं तरी आधी कुणाच्या तरी डोळ्यांखालून जातं. नर्सबाईंना कार्ड आणायला सांगितलंय.

दादा


२६ मार्च, उघडं कार्ड

चि. बिट्टीस,

पोस्टमनदादा, तुम्ही हे वाचत असाल तर कृपा करून दारात मोठ्याने वाचा. यात लपवण्यासारखं आता काही नाही.

बिट्टी, मी तुझा थोरला काका. तुझ्याकडच्या बंदुकीचा खटका मी एकोणीस वर्षांपूर्वी घासून निकामी केला आणि कुणाला सांगितलं नाही. ती ताणू नकोस. ताणलेली असेल तर खिडकीत बोट घालू नकोस, नळी मातीच्या पोत्याकडे कर, चाप ओढ आणि ठेवून दे. दांडा घट्ट धरलास तरी ती सुटू शकते.

बाबा म्हणतील, धरला की काही होत नाही. म्हणतील, काका बंदुकीसाठी काहीही लिहितो. तेव्हा त्यांना डावा हात उघडायला सांग. तळव्यावर अंगठ्याच्या मुळापासून करंगळीपर्यंत पांढरा व्रण आहे, आडवा, सरळ. मी त्यांना सांगितलं होतं की पडताना बाकाची कड लागली. त्या बाकाला कड नव्हती, तुझ्या बाबांनीच ती घासून गोल केली होती. त्या दिवशी सगळे उजवा हात बघत होते. डावा मी बघितला, आणि कुणी बघायच्या आत पट्टी बांधली. लोखंडी दांडा मुठीतून हिसकला गेला की असा व्रण पडतो. मोकळ्या हाताला पडत नाही. तुझ्या बाबांनी दांडा सोडला नव्हता.